पान अकरा

पस्तीस वर्षं मी हिउमा बेटावर टपाल वाटलं,
सायकलवर, मग मोपेडवर, शेवटी कमरेच्या पट्ट्यावर.
कोणाच्या घरी काय आलंय
हे आतल्या माणसाआधी मला कळायचं.
जाड पाकीट म्हणजे काहीतरी परत आलेलं,
पातळ म्हणजे नकार.
तरी तालिनच्या तिसऱ्या प्रकाशकाचं पाकीट
मी खिडकीच्या उजेडासमोर धरून बसले.
माझंच होतं, म्हणून फोडायचा धीर होईना.

'गोष्ट गोड आहे, परंतु आमच्या यादीत बसत नाही.'
बसत नाही तर उभी राहू दे, मी म्हटलं,
आणि छत शाकारायला ठेवलेले पैसे
तार्तूच्या छापखान्यात नेऊन भरले.
पाचशे प्रती. कमी छापल्या तर परवडत नाही, म्हणाले.
जास्त छापल्या तर काय होतं
ते कोणी म्हणालं नाही.

खोकी आली माझ्याच जुन्या टपालगाडीतून.
नवा पोरगा राइगो उतरवताना म्हणाला,
'उर्वे, विटा मागवल्यास का?'

गोष्ट एका टपालपेटीची.
हिवाळ्यात तिला थंडी वाजते,
पत्रं पोटाशी धरून ठेवते, कोणाला देत नाही.
चित्रं भाचीनं काढली, लीसनं,
मोबदला म्हणून वर्षभर धुरी दिलेले मासे.

पहिलंच खोकं फोडलं.
पान अकरावर पेटीला तोंडच नाही.
पत्र टाकायची फट छपाईत उडाली.
पाचशेच्या पाचशे.
मी प्रूफ पाहिलं होतं. चष्मा लावून. दोनदा.
छापखान्यानं मंजुरीचा कागद दाखवला,
सही माझीच, चांगली वळणदार.

तर मी तोंड लपवत विकायला निघाले.
कॅर्डलाच्या दुकानात काल्यूनं चाळीस टक्के मागितले
आणि पाच प्रती ठेवल्या, मेणबत्त्यांच्या मागे.
'बोलायला पाहिजे, उर्वे.
बोलणाऱ्याचं भुसकटही खपतं.'
हापसालूच्या वर्तमानपत्रानं दोन ओळी छापल्या
हवामानाच्या खाली,
आडनाव चुकवून.
एका शाळेनं बोलावलं, त्याच दिवशी
वारा सुटला, फेरीबोट बंद.
बहिणीनं चार घेतल्या, रोख पैसे दिले,
वाचलंस का विचारलं तर म्हणाली, जपून ठेवलंय.
त्या 'जपून'ची मला धास्तीच बसली.

रात्री बॉलपेन घेऊन बसायचे,
एकेका प्रतीत फट काढत.
बासष्टाव्या प्रतीत हात थरथरला,
पेटी छद्मी हसल्यासारखी दिसली.
पेन ठेवून दिलं.

शनिवारी वाचनालयात सहा खुर्च्या मांडल्या.
मुलं तीन, त्यातल्या दोघी ग्रंथपालबाईंच्याच,
कोट काढायला तयार नाहीत.
तिसरा ओट्ट, नाक वाहणारा,
माझ्याकडे नाही, पानाकडे पाहत होता.
पान अकरा मी पटकन उलटलं.
त्यानं परत मागे उलटलं.
'हिचं तोंड कुठंय?'

आता काय सांगणार.
चुकलं रे बाळा, म्हटलं, छापखान्यात—
'म्हणजे रुसलीये,' तो म्हणाला.
'म्हणून पत्रं देत नाही. तोंड मिटून बसलीये.'
'गोठलंय तिचं तोंड,' थोरली म्हणाली.
'चोरलंय कोणीतरी,' धाकटी म्हणाली,
आणि कोट काढला.

मग भांडतच बसली तिघं.
पान बारा राहिलंच.

खोकी अजून पलंगाखाली आहेत,
पाय लांब केले की टाचेला लागतात.
पण त्या बासष्ट प्रती,
ज्यांना मी घाईघाईनं तोंड दिलं,
त्यांचं काय करावं कळत नाही.

सोमवारी ओट्टच्या आईचा फोन आला.
एक प्रत हवीये.
'पण बिनतोंडाचीच पाहिजे म्हणतोय.'
मी मोपेड काढली.
पत्ता विचारायची गरज नव्हती.