टोमण्याचं कापड

झुवेना दारात आली तेव्हा मी नारळ खवत होते.
आई घरी नाही, म्हणाली,
आणि पाठ भिंतीला लावून
सरकत सरकत आत आली.
मला कळायला तेवढं पुरलं.

तिची आई म्हणजे म्वानाखेरी, माझी सवत.
लवंगा तोडायला टेकडीपलीकडच्या मळ्यात गेलेली,
शुक्रवारशिवाय यायची नाही.
अंगण एक, विहीर एक.
नवराही एकच होता,
तो मोम्बासाला गेला तो गेलाच.

आमच्यात बोलणं नाही. आम्ही कांगे नेसतो.
इथं पेम्बात कांग्याच्या काठाशी एक ओळ छापलेली असते.
जिभेवर आणता येत नाही ते कंबरेला गुंडाळायचं
आणि जिला ऐकवायचं तिच्या दारावरून
दोनदा पाण्याला जायचं.
माझा पिवळा, काजूच्या नक्षीचा:
माझं गुपित माझ्यापाशी, तू आपली चूल सांभाळ.
आठ दिवसांत तिचा लाल आला:
बघणारीचे डोळे थकतील, मी नाही.

पेटी उपसली.
टॉवेल निघाला, जुना, मधोमध विरलेला.
मोडक्या छत्रीचं काळं कापड निघालं,
खालच्या थराला चालेल, पाणी धरतं.
अंगाला लागेल असं मऊ काही निघेना.
मऊ होता तो माझ्या कंबरेला.
टोमणा धुवून धुवून इतका मऊ होतो
हे मला ठाऊक नव्हतं.

सोडला. परकर नेसूनच बसले.
धाकट्याची चप्पल उपडी ठेवून
कोळशाने भोवती रेघ ओढली,
दोन्ही अंगांना पंख काढले,
शिलाईला बोटभर जास्त.
कात्री ओळीवर आली तेव्हा
पोरगी माझ्याकडे बघत होती.
वाचता येतं तिला.
मी कापलं.

कांगा वर, छत्री खाली, सुलट बाजू आत,
टॉवेलच्या दोन घड्या छत्रीच्या पाठीला.
हँडल मारायचं मशीन, दर वीस टाक्यांना दोरा तोडणारं.
मी फिरवू? म्हणाली.
तिचा हात माझ्या हातावरून हँडलवर गेला,
घामेजलेला, गार.
या पोरीला मी बारा वर्षांत एकदा शिवले नव्हते.
आता शिवत होते.
तोंड उघडं ठेवलेल्या जागेतून
चमच्याच्या दांड्याने सगळं उलटवलं,
कडेने पुन्हा टीप मारली.
बटणं नवऱ्याच्या शर्टाची. चांगली शिंपल्याची होती.

थंड पाण्यात भिजव, म्हटलं. कढत घातलंस तर डाग बसला.
आणि वाळत घालशील ती उन्हात,
माझ्यासारखी पलंगाखाली नाही.
वर दुसरं फडकं टाकायचं नाही?
नाही.
हे मी का म्हणाले कोण जाणे.
मीच आयुष्यभर टाकत आले.

शुक्रवारी म्वानाखेरी आली.
बोटं तपकिरी, अंगाला लवंगेचा दर्प, डोक्यावर गाठोडं.
दोरीवर सहा घड्या.
एकीवर गुपि, पुढचं अक्षर शिलाईत गेलेलं.
एकीवर चूल, उलटी टांगलेली.
बाकीच्यांवर नुसते काजू.
गाठोडं न उतरवता ती वाचत राहिली.
मी आत, खिडकीच्या बाजूला,
भात करपतोय हे कळूनही उभी.

एक तिने काढली.
उलटी केली, नखाने टीप ओढून पाहिली, पंख दुमडला.
बटण सैल आहे, म्हणाली.
मोठ्याने. अंगणाला सांगावं तसं.
तीन वर्षांत पहिलं.

संध्याकाळच्या नमाजानंतर उंबऱ्यावर काहीतरी पडलं.
लाल. धुतलेलं, घडी घातलेलं.
रात्रीला लांब लागतात, एवढंच ऐकू आलं,
तोवर तिची पाठ.

दिव्यापाशी नेऊन पसरला.
ओळ कुठल्या काठाला आहे ते पाहिलं नाही.
पाठ होती.
चप्पल मात्र या खेपेला
माझी घेतली.