झुबर

बाबा कालवा-निरीक्षक. घरात पाणीपाळीच्या जुन्या नोंदवह्या,
त्यांच्या पाठकोऱ्या पानांवर आमची भाषा.
शिरीष नियम करायचा, मी शब्द.
त्याचा पहिला नियम :
आपल्या देशात जनावरांना नावं नाहीत,
नुसती क्रियापदं.

म्हणून घार नव्हती. होतं ‘इरवे’ –
कुणाला न विचारता वर वर जाणं.
म्हैस नव्हती. ‘घोम’ –
पाण्यात बसून पाणी विसरणं.
खारीला ‘चिर्पट’, जिना अर्धा चढून मत बदलणं.
भारद्वाजाला ‘कुहुंब’ :
दिसला की दिवस बरा जाणार, असं आईला वाटणं.
टिटवीला ‘तितुख’, रात्री दोनला खोटं ओरडणं.
(खोटं कशावरून? शिरीष दोन दिवस बोलला नाही.)
पालीपुढे फुली. तिला तो भ्यायचा.

आणि कालव्याकाठच्या उंबरावर
‘झुबर’.
उलटं लटकून संध्याकाळची वाट बघणं.
झुंबराचा अनुस्वार काढून केला होता, एवढीच माझी अक्कल.

अनेकवचनाला पहिलं अक्षर दोनदा : झुझुबर.
चुकलं की दंड, एक लिमलेटची गोळी.
झडपेवरच्या चौकीदाराची नसीम आमची एकमेव गिऱ्हाईक.
तिला दोन चिंचांना एक शब्द विकायचो,
व्याकरण फुकट. ते तिने कधी नेलं नाही.

वही परवा सापडली. शिरीषला हडपसरला फोन केला.
म्हणाला, स्कॅन करून ठेव.

काल पर्वती पायथ्याकडून येत होते.
कालव्याच्या भिंतीवर गजऱ्यांची पाटी,
पाटीशी सात-आठ वर्षांची मुलगी,
कडेवरच्या भावाची हनुवटी वर करून सांगत होती,
“ती बघ, झुबरं.”

मी थांबले. काय म्हणालीस?
“झुबरं.”
कुणी शिकवलं?
तिने माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी विचारलं होतं, चिमणीला चिमणी कोण म्हणतं.
“गजरा घेता का?”

नाम केलं होतं. वर मराठी अनेकवचन.
एका शब्दात शिरीषचे दोन्ही नियम मोडले होते,
दोन गोळ्या दंड.

गजरा घेतला. सुटे नव्हते, दोन घेतले.
उंबर अर्धाच उरलाय, पण फांदी हलली,
आणि एकेक करत झुझुबर –
नाही,
झुबरं सुटली.