अर्धी स्ट्रिप

सकाळी सहाला फोनवर आकडा आला :
आजवा, दोनशे बारा पूर्णांक चार.
नऊला दुसरा :
काळ्या घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री अठरा फूट.
बडोद्यात या दिवसांत
घरातल्या कुणाचा ताप पाहावा
तशी माणसं नदी पाहतात.

मी दिगूच्या गोळ्या मोजल्या.
अकरा.
सकाळी दोन, रात्री दोन,
म्हणजे परवा रात्रीपर्यंतची सोय
आणि वर एक सुटी.

कोकिळाबेन जिन्यातून ओरडल्या,
दूध घेऊन ठेवा, बटाटे घ्या, मेणबत्त्या.
त्यांचे सातमचे थेपले कधीच डब्यात गेले होते.
दूध नसलं तर कोरा चहा होतो.
फिटच्या गोळीला
कोरं असं काही नसतं.

दिगू चोपन्न वर्षांचा आहे.
त्यानं आपल्या चपला कपाटावर ठेवल्या,
रेडिओ माळ्यावर,
आणि दारामागच्या भिंतीवर
मागच्या पुराची पेन्सिलची रेघ
पुन्हा एकदा गिरवली, पुसट झाली होती म्हणून.
लवकर ये, म्हणाला. रेघेच्या आधी.

हसितभाईंचं शटर अर्धं खाली.
वाकून आत गेले.
खालच्या फळ्यांवरचं सगळं घाईनं वर चढवलेलं,
खोकल्याच्या बाटल्या हृदयविकारात घुसलेल्या,
आणि ते स्टुलावर उभे, हातात बँडेजचे खोके.
माझा कागद गेल्या वर्षीचा,
चार घड्या, एका घडीवर चहा.
त्यांनी तो उघडलाही नाही.
बेन, एक ज पत्तुं छे.
हालोलकडून गाडी निघालीच नाही.
एकच. पंधराची.

माझ्या मागे एक माणूस होता,
पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली,
फोनच्या फुटक्या काचेत चिठ्ठीचा फोटो.
नदीपलीकडून आला होता, मुजमहुड्याहून,
पूल बंद व्हायच्या आत परतायचं होतं.
मुलगी सात वर्षांची.
औषधाचं नाव त्याला नीट म्हणता येत नव्हतं.
मला येत होतं. चाळीस वर्षं म्हणते आहे.

मी आधी आले होते.
हे खरं होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.
कुणी काही म्हटलं नाही.
हसितभाई खोके धरून तसेच उभे,
तो माणूस फोनवरचा फोटो
मोठा करत होता, लहान करत होता.

कापा, मी म्हटलं.

पंधराचे दोन भाग नीट होत नाहीत.
मला आठ आल्या, त्याला सात.
आठवी मी मागितली नव्हती.
परतही केली नाही.
त्यानं सुटे पैसे मोजून दिले
आणि गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी टोपीत,
टोपी डोक्यावर घालून
सायकलवरून गेला.

रात्री नदी अठ्ठावीस फूट.
वीज गेली. पाणी तिसऱ्या पायरीवर.
शाळेच्या फाटकाशी मगर दिसली म्हणे;
दर पुरात कुणालातरी दिसते, बहुतेक वेळा खरीच असते.
मी टॉर्चच्या उजेडात दिगूपुढे तळहात धरला.
त्यानं स्ट्रिप उलटीपालटी करून पाहिली.
यावर नाव नाही, म्हणाला.
ही माझी कशावरून?

नव्हतंच. कात्री मधून गेली होती.
माझ्या तुकड्यावर फक्त संपायची तारीख,
पुढच्या वर्षीच्या मार्चची,
आणि नावाची शेवटची दोन अक्षरं.
बाकी नाव पलीकडे,
मुजमहुड्याला,
असलं तर एखाद्या माळ्यावर,
सात गोळ्यांच्या पाठीवर.

मी त्याला सगळं सांगितलं,
मी आधी आले होते, तेसुद्धा.
त्यानं पाण्याचा घोट धरून ठेवला तोंडात,
विचार केला, गिळला.

मग त्या मुलीकडे तारीख नाही.

नाही.

मग तिच्या कधी संपायच्या नाहीत.

मी टॉर्च बंद केला.
सेलही मोजकेच होते.