लिंबूसाहेबाची वही

घोटी सोडली तेव्हा जीपवाला म्हणाला,
"गेरूचा बंगला ना? लिंबूसाहेबाचा?"
खरं नाव लिंडबो. गावाच्या जिभेनं
ते कधीच पिळून ठेवलेलं.

दारणेच्या फुगवट्याकडे तोंड करून
उभं ते लाकडी घर:
लाल फळ्या, पांढऱ्या चौकटी,
छप्पर इतकं उभं की बर्फ घसरावा.
बर्फ कुठला इथं!
पण आषाढात आभाळ
त्यावरून न थांबता उतरतं म्हणे.
चुकीच्या कारणानं बरोबर ठरलेलं छप्पर
मी पहिल्यांदाच पाहिलं.

सोमा आगिवले कुलूप काढतो.
खिडक्या पार जमिनीपासून,
उन्हाला भुकेल्या माणसानं काढलेल्या.
सोमा त्यांना वैशाखात गोणपाट बांधतो.
मागे एक बुटकी खोली, आत चूल, चुलीवर दगड.
"घाम काढायची खोली, बाई."
मी हसते. तो हसत नाही.
"आमाला त्याला खोली लागत न्हाई."
आता तिथं भाताचं बियाणं, खुरासणीची पोती
आणि अंड्यांवर बसलेली एक तापट कोंबडी.

दोन दिवसांचं भाडं भरून आलेली मी,
नाशकात भद्रकालीला मुद्रितं तपासते.
मेजावर काचेखाली साहेबाची वही उघडी;
सवयीनं आधी चुका शोधू लागले.
काही अक्षरांच्या डोक्यावर लहानसं वर्तुळ,
अनुस्वार फुगून पोकळ झालेला.
कळलं काहीच नाही.
फक्त दर ओळीच्या शेवटी आकडा:
सतरा, साडेसतरा, एकोणीस.
थंडी मोजत असेल, मी म्हटलं,
घरची आठवण येऊन.

सोमा वाकला. शाळा त्याची दुसरीपर्यंत.
काचेवरून बोट सरकवत गेला
"सतरा. पणज्याचं खळं.
साडेसतरा. म्हसोबा.
एकोणीस..."
बोट तिथंच राहिलं.
"आमचा उंबरा."

खाली धक्क्याच्या खांबावर
तेच आकडे, लोखंडात ओतलेले.
आज पाणी अकरावर. पलीकडे गाळात
दगडांची एक काळी रांग, मधे
माणूस आत जाईल एवढी फट.

परत येऊन मी ती ओळ पुन्हा पाहिली.
एकोणीसच्या आधी शाई एका जागी पसरलीय.
थांबलेली लेखणी, की नुसता टाक गळका?
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळी तपासून
मला समासात कुठलीच खूण करता येईना.

सोमा तोवर अंडी मोजून आला.
म्हणाला, नऊ हाएत,
चहा ठिवू का.