गिस्लँची वही

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली
या सेमवा नदीच्या काठाकाठानं.
चढ म्हणजे दुसरा गियर, एवढंच तेव्हा ठाऊक.
चढ म्हणजे खरं काय, ते कळलं साठी उलटल्यावर,
निळ्या सायकलवर, मांड्यांतून.

या नदीला नाकासमोर चालणं जमलेलंच नाही.
अलीकडे कोंबडा आरवला
की पलीकडच्या गावाची झोपमोड होते,
पण रस्त्यानं जायचं तर नऊ किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम:
आधी बीचच्या रानातून वर, मग ओकांमधून खाली,
मग पूल, आणि पुन्हा समोर तीच,
घरी काही विसरलं म्हणून माघारी आल्यासारखी.

गिस्लँ म्हणायचा, बरंय की.
सरळ नदीच्या काठी सायकलवाल्यानं करायचं काय?

त्याच्या घरी तंबाखू व्हायची, तीन पिढ्या.
पानं वाळवायची काळी लाकडी खोपटी अजून उभी आहेत,
फळ्यांच्या फटींतून आता नुसतं ऊन वाळतं.
त्याच्या वहीलाही तोच वास.
वरून जुन्या ट्यूबचा एक पट्टा,
आत चोवीस वाटा, शिसपेन्सिलीनं.

"चॅपेलमागे नळ. पाणी गार, चव लोखंडाची.
लाकडांचा ट्रक मंगळवारी येतो, कान उघडे ठेवणे.
मादाम कोलार यांचा कुत्रा अंगावर येतो.
नावानं हाक मारावी: बारोन. मग ओशाळतो.
इथं उतरून चालावं. लाज वाटू देऊ नये. मी चालतो."

उन्हाळ्यात लाफोरेजवळ विणलेल्या फांद्यांचा पूल टाकतात,
टोपली उलगडून पाण्यावर अंथरावी तसा.
त्यावर सायकल खांद्यावर घ्यावी लागते.
"दिवसभर ती आपल्याला नेते," वहीत आहे,
"चाळीस पावलं आपण तिला."
माझी बावन्न भरली.
त्याचे पाय लांब होते.

होते.
मार्चमध्ये, नदी गढूळ आणि फुगलेली असताना
फर्नांदनं, त्याच्या बहिणीनं, वही आणून दिली
आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच कॉफी प्यायली.
"क्लबातल्या नव्या पोरांसाठी नीट लिहून काढ.
त्याचं अक्षर माझ्याखेरीज तुलाच लागतं."

म्हणून या जूनमध्ये एकेक वाट पुन्हा केली,
हँडलला मीटर लावून, आकडे पडताळत.
नळ आहे.
बारोन मेला, त्याच्या जागी दुसरा, तोही बारोन.
एका अंगाला स्प्रूस तोडलेत, डोंगर भादरल्यासारखा.
तिथली सावली मी वहीतून खोडली.

मग आल गावातून रोशओची चढण.
"पडक्या बाकानंतर एकच वळण. मग संपलंच."
हे वाक्य मी किती वर्षं ऐकलंय,
त्याच्या पाठीकडून, धापांमधून,
आणि दर वेळी मान खाली घालून
त्याच्या मागच्या चाकावर डोळे लावून वर पोचलेय.
वळणं मोजायचं सुचलंच नाही कधी.

आज मोजली.
बाकानंतर चार आहेत.
चौथं सगळ्यात उभं.

वर कठड्याला सायकल टेकवली.
खाली फ्राआनला कवेत घेऊन नदी पडलेली,
त्या गावात बस वळवताना माझे हात भरून यायचे.
सँडविच खाल्लं. पेन्सिलीला टोक केलं.
दुरुस्तीच्या रकान्यात "चार" लिहिलं,
बघत बसले,
खोडलं.

खोटं आहे. पण रेटून लिहिलंय,
आणि वाचणाराही ते रेटतच वाचणार.

नव्या वहीत, माझ्या गोल अक्षरात,
"पडक्या" तेवढं काढलं, बाक नवा बसवलाय.
"एकच" तसंच ठेवलं.