तीन सूत

पहिली आगटी मी तेलाच्या पिंपाची केली.
पत्रा जेमतेम सव्वा मिली. चौथ्या दिवशी
भिजलेल्या खोक्यासारखा तळ खाली आला.
दुसरी तीन मिलीची. रंगपंचमीला पेटवली,
नागपंचमीला कोपऱ्यातून निखारे गळायला लागले.
फिलिप म्हणाला, "आता चहा गाळ तिच्यातून."

म्हणून दारूखाना.
कुतुबभाईंकडे बोटी आडव्या पडलेल्या असतात,
चौकोनी तुकड्यांत, जाडीप्रमाणे रचलेल्या,
वर खडूनं ६, ८, १०, १२, १६.
मी व्हर्नियर काढला तसे ते हसले.
"मास्तर, इकडे सुतात बोला.
समुद्रानं चाटलेलं लोखंड
मिलीत कुठे बसायचं?"

दोन सूत घेतलं
तर माझं दोनशे अँपियरचं मशीन एका पासात शिवेल.
पण ब्लोअर लागला की खपल्या सोडत सोडत
दोन-तीन वर्षांत पुन्हा पोळीएवढं.
चार सूत म्हणजे कडा घासा, व्ही काढा,
तीन-तीन पास, आणि प्रत्येक पासाला
भांडुपच्या माझ्या गाळ्याशेजारी
पिठाच्या गिरणीतला दिवा मान टाकणार.
शिवाय वजन. फूट बाय फूट, पावणेनऊ किलो.
उचलायचं कुणी? माझा एक मणका
आधीच रांग सोडून उभा आहे.

फिलिप म्हणतो जाड घे, भट्टी आहे, तवा नाही.
भाचा अन्वय फोनवर म्हणतो,
मामा, बिडाची तयार मिळते.
तयार.
या शब्दावर मी थोडा वेळ काही बोललो नाही.

कुतुबभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"रोज पेटवणार?"
रविवारी फक्त. छिन्न्यांना पाणी द्यायला, एखादा कोयता.
"मग किती वर्षं चालायला हवी?"

चौतीस वर्षं टूलरूममध्ये
मी दुसऱ्यांना हेच विचारत आलो,
डाय किती नग काढणार ते सांगा,
मग पोलाद ठरवू.
स्वतःचे नग मोजायची वेळ आली नव्हती.
अडुसष्ट. पुढचे रविवार धरले,
त्यातून गुडघ्यांचे रविवार वजा केले,
लग्नं, बारशी, दहावे वजा केले.
सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच असावा.
चार सूत माझ्यामागे उरणार, हे उघड होतं.
मालन त्यात गवती चहा लावेल,
पाणी साचायची भीती नाही,
हवेचं भोक तळाला आहेच.

"चारही बाजू तीन सूत," मी म्हणालो.
"तळ तेवढा चार. तो वेल्ड नाही करणार,
बोल्टवर बसवेन. वारा तिथून येतो,
खंगर तिथेच चिकटतो,
पहिला तोच जाणार. बदलता यावा."

पोरानं कटर पेटवला. तुकडे निळे, मग काळे.
एकावर पांढऱ्या रंगात ७,
कुठल्याशा बोटीच्या पोटावरचा, पाणी मोजायचा.
"घासून देऊ?"
राहू दे. बाहेरच्या बाजूला घेईन.
कुतुबभाईंनी काटा बघून तीनशे ग्रॅम सोडले,
आणि ते सोडल्याचं दोनदा सांगितलं.

टॅक्सीची मागची चाकं बसली.
ड्रायव्हर उतरून डिकीकडे बघत राहिला.
"काय भरलंय, काका?"
बोट, मी म्हणालो.
थोडीशी.