पहिल्या तेरा ओळी

विजयनगरच्या सहाव्या मजल्यावर, रात्री पावणेबाराला
मी सोयाबीनचे भाव टाइप करते आहे.
शेजारी चिंतूकाकांच्या कॅलेंडरची फाडलेली पानं,
पाठकोऱ्या बाजूला निळ्या रिफिलनं लिहिलेला एकेक दिवस:
आवक, ओलावा, भाव,
आणि कधीकधी नुसतंच, ‘आज गुडघा दुखतो.’

त्याला रकाना नाही.
वगळलं. मग परत आणलं,
हॅशच्या चिन्हामागे, संगणक वाचत नाही अशा ओळीत.

एकतीस वर्षं छावणीच्या मंडीत, बाफनांकडे मुनीम.
दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगायचे;
यंत्र फार नंतर आलं
आणि बहुतेक वेळा त्यांच्याशी सहमत झालं.
म्हणायचे, ‘भाव माकड आहे, बाई. उड्या मारणारच.
तू माकड बघू नकोस, फांदी बघ.’

फांदी मोजायला बसले आहे.

साधी सरासरी म्हणजे भाड्याची खोली.
चौदा जण राहणार, नवा आला की सर्वांत जुन्यानं
वळकटी उचलायची.
कुठल्याशा जुन्या मंगळवारची उसळी दाराबाहेर पडते
आणि आजची रेघ धपकन खाली येते,
आज मंडीत काहीच झालेलं नसताना.

गुळगुळीत सरासरी कुणाला काढत नाही.
कालच्या सरासरीला गुणिले तेरा,
त्यात आजचा भाव,
भागिले चौदा.
एवढंच. एक ओळ, एका लूपच्या पोटात.
सगळ्यांना ती फक्त ‘जरा सरका’ म्हणते.
चौदा दिवसांनीसुद्धा एखाद्या भावाचा
तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्तच वाटा शिल्लक असतो,
पुढे कमी, आणखी कमी,
पण पार पुसला असा दिवस
मला कागदावर काढून दाखवता आला नाही.

अडचण सुरुवातीची.
तिला काल हवा असतो, आणि पहिल्या दिवशी काल नसतो.
म्हणून आधी चौदा दिवस गोळा करायचे,
त्यांची साधी सरासरी, ते बी. तोवर तेरा ओळी रिकाम्या.
‘संख्या नाही’, असं संगणक स्वतःच लिहितो,
तेरा वेळा, न कंटाळता.

रश्मिन पटवा, आमचा टीम लीड, म्हणाला,
‘रिकामं वाईट दिसतं, शून्य भरून टाक.’
भरलं. सोयाबीन थेट जमिनीतून उगवलं
आणि एका रात्रीत चार हजारांवर गेलं.
काका असते तर चष्मा वर सरकवून हसले असते.
शून्य हा भाव आहे. रिकामं म्हणजे
अजून कुणी बोली लावलेली नाही.
शून्यं खोडली.

मग दोनदा एका ओळीनं चुकले,
कारण संगणक शून्यापासून मोजतो
आणि चौदाव्या दिवसाला तेरावा म्हणतो.
भटजींनी बोटांवर मोजला होता तो तेरावा वेगळा.
त्याच्या दुसऱ्या दिवशी बाफनांचा धाकटा
ही पानं पिशवीत घालून घेऊन आला,
चप्पल न काढता दारातच उभा:
‘दीदी, रद्दी में दे रिया था. हाथ नी चला.’

आता चालतंय.
तेरा ओळी गप्प, चौदावीत पहिला आकडा,
मग रेघ; काकांच्या चालीसारखी,
बाजार वर गेला तरी उशिरा वर,
पडला तरी उशिरा खाली,
एका गुडघ्यावर जरा जास्त भार देऊन.

शेवटचं पान अश्विनातलं. भावाची जागा कोरी.
संगणक तिथे येऊन थांबतो, चूक दाखवतो, लाल अक्षरांत.
मी चूक दुरुस्त करत नाही.
हॅशचं चिन्ह देते, आणि पुढे
त्यांनी लिहिलंय तेच लिहिते:
नवा माल आला. अजून ओला आहे.